बघ्यांची पृथ्वीप्रदक्षिणा

नवरा-बायको जग फिरायला निघाले, की सगळ्यांत आधी नातेवाईक दमतात.

नोकऱ्या सोडल्या, पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला, गाडी विकली, पाठीवर एकेक बोचकं टाकलं आणि दोघं विमानात बसली. विमान अजून धावपट्टीवरच असतं, तोवर इकडं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार. नाव ‘विश्वभ्रमण’. सदस्य चौऱ्याऐंशी. त्यातले फिरणारे दोन.

उरलेले ब्याऐंशी काय करतात? बघतात.

बघणं हा आपल्याकडं पूर्णवेळ धंदा आहे. रस्त्यात जेसीबी खोदत असला तरी आपण गाडी लावून उभे राहतो. इथं तर सख्ख्या भाच्याचा हनिमून वर्षभर चाललाय. हलणार कोण?

पहिल्या आठवड्यात ‘काळजी घ्या’. दुसऱ्या आठवड्यात ‘मजा आहे बुवा’. तिसऱ्या आठवड्यात ‘एवढा पैसा येतो कुठून?’ हा तिसरा प्रश्न ग्रुपवर कुणी टाकत नाही. तो फोनवर विचारतात. आणि फोन भलत्यालाच लावतात.

तात्यांचा आयुष्यातला सगळ्यांत लांबचा प्रवास तिरुपती. इस्तंबूलला कुठं उतरावं, कुठं जेवावं, टॅक्सीवाल्याला किती द्यावेत, हे तात्या घरबसल्या सांगतात. मागच्या गल्लीतला पत्ता विचारा, ‘आपल्याला काय ठावं’.

दाजींचं निराळंच. पॅरिस असो, पेरू असो, फोटोखाली दाजींचा प्रश्न ठरलेला: ‘तिकडं एकर काय भावानं?’ घ्यायची नसते हो जमीन. पण भावच काढला नाही, तर माणूस त्या गावाला गेला कशाला?

आत्याचा हिशेब पाण्याचा. मे महिन्यात नायगाऱ्याचा फोटो आला. ग्रुपवर ‘वाह’, ‘अप्रतिम’, ‘निसर्गाची किमया’. आत्या आष्टी तालुक्यात टँकरची वाट बघत बसलेली. तिनं लिहिलं, ‘एवढं पाणी वाया चाललंय, कुणी अडवत का न्हाई?’

सबंध ग्रुपवर शहाणं वाक्य तेवढंच.

आता आष्टी म्हटलं, की कोणती ते सांगावं लागतं. बापू गोखले १८१८ मध्ये पडले ती सोलापूरकडची. १९४२ च्या हुतात्म्यांची ती वर्ध्याकडची. आमची बीड जिल्ह्यातली. शाळेच्या पुस्तकातली लढाई तिच्या वाट्याला आली नाही. दुष्काळ आला. आणि दुष्काळात टिकून राहिलेल्यांचा पुतळा कुणी उभारत नाही.

या आष्टीला रेल्वे आली २३ सप्टेंबर २०२२ ला. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ मध्ये. म्हणजे नगरहून आष्टीपर्यंतचे ६६ किलोमीटर यायला गाडीनं २७ वर्षं घेतली. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर. या चालीनं विश्वभ्रमण करायचं, तर १६ हजार वर्षं. तोवर ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण राहणार?

ऑक्टोबर २०२३ मध्ये याच आष्टी-नगर गाडीचे पाच डबे नारायणडोहजवळ जळाले. प्रवासी वेळीच उतरले, जीव कुणाचा गेला नाही. जिच्यात चढायला २७ वर्षं लागली, तिच्यातून उतरायला मात्र आम्ही अजिबात वेळ लावला नाही. गाडी पुढं बीडला पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. ज्या गावाला रुळावरून नगर गाठायला पाव शतक लागतं, त्याला नैरोबीचं अप्रूप वाटणारच.

फॉलो करणाऱ्यांत एक खातं धर्माचं असतं. ते आईकडं.

संकष्टीला फोन: ‘तिकडं चंद्रोदय किती वाजता?’ कालनिर्णय उघडलं, त्यात नॉर्वे नाही. उत्तर नॉर्वेत तर उन्हाळ्यात दोन-दोन महिने सूर्यच मावळत नाही. पोरानं भूगोल समजावून सांगितला. आईनं शांतपणे ऐकला आणि निकाल दिला: ‘मग उपास सोडूच नका.’

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, की वार बदलतो. मॅगेलनच्या मोहिमेतलं जहाज १५२२ मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतताना केप व्हर्देच्या बेटांवर लागलं. खलाशांच्या वहीत बुधवार, किनाऱ्यावर गुरुवार. बिचारे चक्रावून गेले. आपल्याकडं चक्रावणं नंतर. आधी गुरुवार बुडाल्याचं प्रायश्चित्त.

मॅगेलन स्वतः त्या जहाजावर नव्हता. तो १५२१ मध्येच फिलिपाइन्समध्ये मारला गेला होता. तरी पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेचं नाव त्याचंच. आपल्या सत्कार समित्यांना हे चटकन कळेल. नाव ओळखीचं हवं. माणूस हजर नसला तरी भागतं.

जेवणाचा प्रश्न तर राष्ट्रीय महत्त्वाचा. ‘तिकडं भाकर मिळती का?’ मिळत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दशम्या असं सगळं बोचक्यात कोंबून दिलेलं असतं. पहिल्याच विमानतळावर ठेच्याच्या बरणीला अडवलं जातं. विमानाच्या सुरक्षेला धोका, म्हणे. ठेचा ज्यानं खाल्लाय, तो यावर वाद घालणार नाही.

आणि मग तो प्रश्न. सहा महिने दाबून ठेवलेला. सासूबाई फोन घेतात, हवापाणी विचारतात, माचूपिचूची उंची विचारतात आणि हळूच विचारतात, ‘मग… आता पुढं काय?’

पुढं बोलिव्हिया, असं उत्तर चालत नाही.

पण त्या जोडप्यालाही फार सोडायला नको. दोघं म्हणे ‘स्वतःचा शोध’ घ्यायला गेलीत. स्वतःचा शोध घेणारी ही माणसं दर दोन तासांनी आपलं लोकेशन पाठवतात. मग हरवलंय कोण?

सूर्योदय आधी मोबाइलला दाखवायचा, मग डोळ्यांना. जेवण आधी ग्रुपला, मग पोटाला. भांडण मात्र थेट. त्याचा फोटो कधी आला का? वर्षभर चोवीस तास एकमेकांसमोर, एका खोलीत, एका बोचक्यात. आणि तक्रार एकही नाही? ग्रुपवरची लग्न झालेली सगळी माणसं हे वाचून मनातल्या मनात हसतात. आणि खाली बदाम टाकतात.

बघणारं कुणीच नसतं, तर हे विश्वभ्रमण कुठवर गेलं असतं? फार तर लोणावळा.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायची पद्धत आहे. पूर्वीही असंच होतं. टपाल तेवढं उशिरा यायचं.

काशीला निघालेल्याला सोडायला गाव वेशीपर्यंत जायचं. परतला तर मावंदं घालायचा, गाव जेवायचं आणि त्याच्या पाया पडायचं. आता परतला तर चॉकलेट. आणि पाया पडण्याऐवजी अंगठा.

पाया पडायला निदान वाकावं लागायचं.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय १८. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरला (नगरचं नव्हे, बंगालमधलं) जाहीर भाषण करून त्यांना सांगावं लागलं, की मी का जातेय. विलायतेला निघालेल्या किती पुरुषांना असा खुलासा करावा लागला? त्यांना बोट गाठली की झालं.

गोपाळराव टपाल खात्यात. बायकोचा प्रवास फॉलो करायला याहून सोयीचं खातं नाही. पुढं तेही अमेरिकेत पोचले. १८८६ मध्ये दोघं परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई गेल्या. निघाल्या तेव्हा त्या ‘जोश्यांची सून’. डॉक्टर होऊन परतल्या, तर ‘आपली आनंदी’. माणूस मोठा झाला, की नातं जवळचं होतं. नियम तेव्हापासूनचा आहे.

१५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाला फेरी मारायला निघाले. साडेचार वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, त्यातले तिघे फेरी पुरी करून परतले: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. ७१ हजार किलोमीटर. घरी पत्र पोचायचं तेव्हा पत्र लिहिणारा पुढच्या देशात गेलेला असायचा. सल्ला द्यायला पत्ताच नाही. म्हणून निदान तिघं तरी पोचले.

पु. ल. आणि सुनीताबाई १९५८ च्या सुमारास इंग्लंडला गेले. तो प्रवास अख्ख्या महाराष्ट्रानं फॉलो केला. कशातून? ‘किर्लोस्कर’ मासिकातून, हप्त्याहप्त्यानं. १९६० मध्ये ‘अपूर्वाई’चं पुस्तक झालं. वाचक महिना-महिना थांबायचे, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता निळी खूण उमटून पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, की ‘फार मोठी झाली माणसं’.

जोडीच्या प्रवासात एक गोची असते. वर्णन एक जण लिहितो, बॅग दुसरं भरतं. दुसऱ्याची बाजू यायला वेळ लागतो. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ आलं १९९० मध्ये. ‘अपूर्वाई’नंतर ३० वर्षांनी. ग्रुपवरच्या प्रत्येक फोटोत ती हसते आहे ना? थांबा ३० वर्षं.

१९८९ मध्ये कोलकात्याच्या सलू आणि नीना चौधरी या दांपत्यानं मोटारीतून सहा खंड पार करत पृथ्वीला फेरी मारली. ६९ दिवस, १९ तास, ५ मिनिटं. गिनीज बुकात नोंद झाली. मोटार हिंदुस्थान मोटर्सची, कॉन्टेसा. नवरा-बायको सलग ७० दिवस एका कॉन्टेसात. विक्रम मोटारीचा की संसाराचा, याचा खुलासा गिनीजवाल्यांनी केलेला नाही.

आत्ताचं बघा. मुंबईचा योगेश आळेकरी २०२५ मध्ये मोटारसायकलवरून लंडनला निघाला. वाटेत १७ देश. अनोळखी रस्ते, अनोळखी भाषा, अनोळखी माणसं. गाडीला कुणी हात लावला नाही. चोरीला गेली ती इंग्लंडात पोचल्यावर, नॉटिंगहॅमला. रॉबिन हूडच्या गावात! रॉबिन हूडची अट एवढीच होती, की श्रीमंताचं चोरायचं. ती तेवढी पुढच्या पिढीला कुणी सांगितलेली दिसत नाही.

 गाडी गेली आणि त्याचं नाव देशभर झालं. दुसऱ्याचं सुख फॉलो करायला वेळ काढावा लागतो. दुःखाला आपण रिकामेच असतो.

आष्टीला लागून कर्जत तालुका. त्यातलं राशीन. तिथला नितीन सोनवणे नोव्हेंबर २०१६ मध्ये सेवाग्रामहून निघाला आणि गांधीजींचा शांततेचा निरोप घेऊन, कधी सायकलवर, कधी पायी, ४६ देश फिरला. शेजारच्या तालुक्यातला पोरगा. आष्टीच्या बाजारात उभं राहून दहा जणांना त्याचं नाव विचारा. किती जण सांगतील?

कारण उघड आहे. तरणतलाव नाही, बुफे नाही, फेसाळत्या ग्लासाचा फोटो नाही. चालणं, घाम आणि शांतता. हेवा वाटावा असं काहीच नाही, तर फॉलो काय करायचं?

आपण माणसाला फॉलो करतच नाही. हेव्याला करतो.

केरळात, कोचीला, विजयन आणि मोहना हे जोडपं चहाचं छोटं दुकान चालवायचं. दिवसाला ३०० रुपये बाजूला टाकायचे. कमी पडले तर कर्ज काढायचं, देश बघून यायचा, कर्ज फेडायचं आणि पुढचा देश. असे २६ देश झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये विजयन गेले. चहावाला कर्ज काढून फिरतो, याचं देशाला केवढं कौतुक!

कर्ज काढून लांबच्या प्रवासाला निघणारी जोडपी आष्टीतही आहेत. दोन-चार नाहीत, हजारांनी. दरवर्षी. त्या कर्जाला उचल म्हणतात, एवढाच काय तो फरक. विजयन-मोहना उचलून गेले इजिप्तला. आपली जातात इंदापूरला.

यांचा ग्रुप कुणी काढलाय?

दसरा सरला, की ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लागतात. भांडी, सरपण, बाज, शेळी, कोंबड्या, म्हातारी, तान्हं. सामान कुठं संपतं आणि माणसं कुठं सुरू होतात, ते लांबून कळत नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर सरळ कर्नाटक. तिथं फडाच्या कडेला कोपी उभी करायची. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, हेच घर. इथंही रोज सूर्योदय दिसतो. तोवर एक खेप तोडून झालेली असते.

उचल देणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटाच असला तर अर्धा. दोन जीवांचं एकरूप होणं आपल्याकडं फार जणांनी गायलं. हिशेबात धरलं फक्त मुकादमानं.

परदेशी दूतावासात विश्वभ्रमणवाल्या जोडप्याला बँकेचा हिशेब मागतात, परतीचं तिकीट मागतात. साहेबाला शंका एकच: हे परत जातील ना? मुकादमालाही शंका एकच: हे परत जाणार नाहीत ना?

तेव्हा यांना फॉलो करणारा कुणी असेल तर तो मुकादम. रोज, न चुकता. ‘कुठशीक हाय?’ ‘किती मोळ्या झाल्या?’ ‘उद्या खाडा नको बरं.’ एवढी विचारपूस सख्ख्या मामानं कधी केली?

खाड्यावरून आठवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची माहिती मांडली. पाहणी ८२,३०९ जणींची. त्यात गर्भाशय काढलेल्या १३,८६१. पाळीत खाडा पडायला नको, रोज बुडायला नको, हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढं आलं. समितीनं आकडा दिला. आपण बोट फिरवून खालचा फोटो बघितला.

खाली नायगारा होता.

मागं राहतात आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली: ४१ तालुके, ८२ वसतिगृहं. त्यातली विटांची किती आणि कागदाची किती, हे ज्याला फॉलो करायची खरी हौस आहे, त्यानं जाऊन मोजावं. पेरूपेक्षा स्वस्त पडेल. भाषेचीही अडचण नाही.

अलीकडं फडातूनही रील येतात. डोक्यावर मोळी, मागं गाणं. लोक बघतात, बदाम टाकतात. म्हणजे बघे तिथवरही पोचले. पॅरिसला एकराचा भाव विचारणारे दाजी मात्र इथं गप्प. टनाला काय मिळतं, हे कधी विचारलंत का दाजी?

एक दिवस असा येतो, की सगळ्यांना यांचं लोकेशन हवं असतं. मतदानाचा. शोध लागतो, गाडी जाते, चहापाणी होतं, पुन्हा फडावर नेऊन सोडतात. पाच वर्षांतून एकदा का होईना, एका कोयत्याची दोन माणसं मोजली जातात.

२०२० च्या मार्चमध्ये करोनानं सगळंच ठप्प झालं. फिरणारी जोडपी परदेशात अडकली. कोयते कारखान्यांवर अडकले, सव्वा लाखाहून जास्त माणसं. त्यांना गावी परतायची परवानगी मिळाली १७ एप्रिलला. परदेशात अडकलेल्यांना आणायला ‘वंदे भारत’ची विमानं सुटली ७ मे पासून. म्हणजे एकदा तरी ट्रॉली विमानाच्या पुढं होती. वेशीवर मात्र समता. दोघांनाही प्रश्न एकच: ‘आत्ता कशाला आलात?’

वर्षभर बदाम टाकणारे तेच. वेशीवर काठी घेऊन उभे राहणारेही तेच.

समजा, आपल्या विश्वभ्रमणवाल्या दोघांचं पाकीट बार्सिलोनात मारलं गेलं. पैसे गेले, कार्डं गेली. ग्रुपवर सांगितलं. तासाभरात ब्याऐंशी सल्ले. ‘पुढच्या खिशात ठेवायचं होतं.’ ‘मी तेव्हाच म्हणालो होतो.’ ‘हनुमान चालिसा म्हणा.’ तात्यांनी तर बार्सिलोनाच्या पोलिसांची कार्यपद्धतीही सांगितली. पैसे पाठवले एकानंच. कोण? कॉलेजातला जुना मित्र.

तो ग्रुपवर नव्हता.

आणि वर्षानं दोघं परतली, की खेळ संपतो. पहिल्या दिवशी हार. दुसऱ्या दिवशी चॉकलेटची वाटणी. कुणाला मोठं मिळालं, कुणाला लहान, यावरून दोन घरांत अबोला. तिसऱ्या दिवशी ‘आता नोकरीचं काय?’ चाळीस देश बघून आलेल्या माणसाकडं गावाला विचारण्यासारखं एवढंच उरतं. पगार.

अनुभव? तो ऐकायला वेळ कुणाला आहे? फोटो बघितलेत ना सगळे.

‘विश्वभ्रमण’ ग्रुप बंद होत नाही हं. त्यावर सकाळी गुलाबाचं फूल येतं, दुपारी गुडघेदुखीवरचा काढा येतो आणि रात्री कुणाच्या तरी मुलीचं स्थळ. फिरणारे दोघं कधीच बाहेर पडलेत, हे बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग फॉलो करायचं तरी कसं? उदाहरण शोधायला बार्सिलोनाला जायला नको. आष्टी तालुक्यातच सावरगाव आहे. तिथं मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात.

नाथ म्हणजे पक्के फिरस्ते. मच्छिंद्रनाथ फिरता फिरता स्त्रीराज्यात गेले आणि कथा सांगते, की तिथंच रमले. बरं चाललं होतं त्यांचं. तक्रार काहीच नव्हती. इकडं शिष्याला खबर लागली. गोरखनाथानं काय केलं? बसल्या जागी ‘काळजी घ्या’ म्हटलं नाही. ‘एवढा पैसा येतो कुठून’ असं इतर नाथांना विचारत बसला नाही. उठला, नाचगाण्याच्या मेळ्यात शिरला, वेश बदलला, मृदंग घेतला, थेट दरबारात पोचला आणि गुरूला घेऊन बाहेर पडला.

फॉलोअर एकच. पण पाय असलेला.

आजचा गोरख असता तर? स्त्रीराज्यातल्या फोटोखाली ‘एन्जॉय करा, गुरुजी’ असं लिहून, दोन बदाम टाकून झोपला असता. मग सावरगावला यात्रा कुणाची भरली असती?